अडखळणारी जीभ, अडखळणारं गाणं

तोंड उघड. ओठ मीट. जीभ बाहेर काढ. यातली एकेक सूचना सुटी दिली, तर त्या घरातल्या माणसांना ती फारशी अवघड जात नव्हती. पण तिन्ही हालचाली एका ओळीत, एकापाठोपाठ करून दाखवायला सांगितल्या की क्रम ढासळायचा. हात-पाय चांगले चालत होते. कानाला ऐकू येत होतं. चेहऱ्याचा कुठलाही स्नायू लुळा पडलेला नव्हता. तरीही बोलताना जोडाक्षरातलं एखादं व्यंजन गळायचं, शब्दाचा पहिलाच ध्वनी हरवायचा, लांब शब्द मध्येच मोडायचा. तोच शब्द पुन्हा म्हणायला सांगितला, तर या वेळी तो वेगळ्याच जागी मोडायचा.

वैद्यकीय साहित्यात हे लंडनमधलं घर ‘केई कुटुंब’ या दोन अक्षरांनी ओळखलं जातं. त्यांची खरी ओळख झाकलेली आहे आणि ती तशीच राहावी. तीन पिढ्यांमधल्या जवळपास निम्म्या माणसांना हा त्रास होता. आजीला होता, तिच्या बहुतेक मुलांना होता आणि नातवंडांपैकी कितीतरी जणांना होता. जेन हर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली या घराचं पहिलं वर्णन प्रसिद्ध केलं. वंशावळीकडे पाहताच त्यांना एक गोष्ट उमगली. त्रास पिढी ओलांडून उडी मारत नव्हता, मुलगा-मुलगी असा भेद करत नव्हता आणि बाधित आई किंवा बापाच्या प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता अर्धी-अर्धी होती. एकाच जनुकात बिघाड असेल आणि त्याच्या दोनपैकी एकच प्रत बिघडली तरी रोग प्रकटत असेल, तर वंशावळ नेमकी अशीच दिसते. बोलण्यासारख्या गुंतागुंतीच्या क्षमतेमागे इतकं सरळ आनुवंशिक चित्र उभं राहणं ही फार दुर्मीळ गोष्ट होती.

त्याच वर्षी कॅनडातल्या भाषाशास्त्रज्ञ मिर्ना गोपनिक यांनी या कुटुंबाबद्दल वेगळं मत मांडलं. बाधित माणसांना अनेकवचन, काळ असे व्याकरणातले प्रत्यय नीट वापरता येत नाहीत, असं त्यांचं निरीक्षण होतं. झालं! वर्तमानपत्रांना ‘व्याकरणाचं जनुक’ सापडलं. लंडनमधल्या मेंदूशास्त्रज्ञ फराने वर्गा-खादेम यांनी मात्र या लोकांच्या अनेक चाचण्या घेतल्या आणि १९९५ साली दाखवून दिलं, की अडचण व्याकरणापुरती अजिबात नाही. ओठ, जीभ आणि जबडा यांच्या जलद, क्रमबद्ध हालचालींतच मूळ अडचण आहे. बाधित कोण आणि निरोगी कोण हे ओळखण्यासाठी सगळ्यात उपयोगी ठरलेली एक चाचणी तर व्याकरणाची नव्हतीच. अर्थ नसलेले शब्द ऐकवायचे आणि ते जसेच्या तसे म्हणायला सांगायचे, एवढीच ती होती. ऐकलेला नवा ध्वनी आपल्या तोंडातून पुन्हा उमटवणं हेच या माणसांना कठीण जात होतं. या प्रकरणात पुढे जे काही येणार आहे, त्याचं बीज या साध्या चाचणीत आहे.

जनुकाचा शोध ऑक्सफर्डमध्ये सायमन फिशर आणि अँथनी मोनॅको यांच्या गटाने घेतला. १९९८ साली ते सातव्या गुणसूत्राच्या लांब भुजेवरच्या एका पट्ट्यापर्यंत पोहोचले. त्या पट्ट्यात डझनावारी जनुकं होती. एकेक तपासत बसायचं, तर किती वर्षं लागली असती कोण जाणे. अशा वेळी या कुटुंबाशी काहीही नातं नसलेला एक मुलगा डॉक्टरांसमोर आला. त्याची वाचा अगदी अशीच अडखळत होती. त्याच्या सातव्या गुणसूत्राचा एक तुकडा तुटून पाचव्याशी अदलाबदल झाला होता आणि ती तूट नेमकी एका जनुकाच्या मधून गेली होती. सेसिलिया लाय आणि सहकाऱ्यांनी ते जनुक केई कुटुंबात तपासलं. प्रत्येक बाधित माणसात त्यातलं एकच अक्षर बदललेलं सापडलं, निरोगी नातलगांपैकी एकातही नाही. २००१ साली हे प्रसिद्ध झालं आणि ‘फॉक्सपी-टू’ हे नाव जगभर पोचलं.

बिघाड किती लहान होता ते पाहा. या जनुकाच्या सूचनेवरून जे प्रथिन बनतं ते ७१५ अमिनो आम्लांची साखळी आहे. त्यात ५५३व्या जागी आर्जिनिनऐवजी हिस्टिडिन बसलं होतं, एवढंच. पण जागा वाईट होती. हे प्रथिन डीएनएला चिकटून इतर अनेक जनुकांचं काम वाढवतं किंवा कमी करतं आणि ज्या भागाने ते डीएनएला चिकटतं त्याच भागात हा बदल झाला होता.

जनुक सापडलं म्हणजे कोडं सुटलं, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. खरं तर त्या दिवशी कोडं सुरू झालं. फॉक्सपी-टू केवळ मेंदूत काम करत नाही. फुप्फुसात, हृदयात, आतड्यातही ते आहे. ते उंदरात आहे, कोंबडीत आहे, मगरीत आहे. मग ते बिघडल्यावर माणसाचं नेमकं बोलणंच का बिघडावं? बाधित माणसांच्या मेंदूच्या चित्रणात एक धागा मिळाला होता. मेंदूच्या खोल भागात, बेसल गँग्लिया या चेतापेशींच्या समूहात, कॉडेट न्यूक्लियस नावाचा एक भाग आहे. तो या लोकांमध्ये दोन्ही बाजूंना लहान होता. सरावाने अंगवळणी पडणाऱ्या हालचाली शिकण्यात बेसल गँग्लियाचा वाटा मोठा. पण तो भाग लहान असल्यामुळे बोलणं अडखळलं, की जन्मभर अडखळत बोलल्यामुळे तो भाग तसा झाला? चित्रावरून हे सांगता येत नाही. त्यासाठी जनुकाचं काम मुद्दाम कमी करून बघावं लागतं आणि माणसावर असा प्रयोग कुणी करू नये.

म्हणून प्राणी हवा होता आणि आवाज *शिकणारा* प्राणी हवा होता. इथे निसर्गाने फार थोडे पर्याय ठेवले आहेत. कुत्र्याचं भुंकणं, मांजराचं म्यांव, कोंबड्याची बांग हे सगळं जन्मजात असतं. पिल्लाला ते कुणी शिकवावं लागत नाही. आपला सगळ्यात जवळचा नातलग चिंपांझी, पण आवाजाची नक्कल करून बोलायला शिकणं त्याला साधत नाही. ऐकून आवाज घडवणाऱ्यांत माणसाखेरीज देवमासे, डॉल्फिन, हत्ती, सील आणि काही वटवाघळं येतात. पक्ष्यांमध्ये पोपट, हमिंगबर्ड आणि गाणारे पक्षी. प्रयोगशाळेच्या पिंजऱ्यात राहील, तिथे पिल्लं देईल आणि तीन महिन्यांत मोठा होईल असा यातला एक म्हणजे झेब्रा फिंच.

हा मूळचा ऑस्ट्रेलियातला. लाल-नारिंगी चोच, नराच्या गालावर तांबूस ठिपका आणि गळ्यापाशी बारीक काळ्या-पांढऱ्या रेघा. मुंबई-पुण्यात पक्षी पाळणाऱ्यांकडे तो सर्रास दिसतो आणि नुसता ‘फिंच’ म्हणून विकला जातो. आपल्या गवताळ माळावर दिसणाऱ्या लाल मुनियेच्याच कुळातला तो आहे. या जातीत गातो फक्त नर. जन्मभर त्याचं एकच गाणं असतं, जेमतेम सेकंदभराचं, मोजक्या स्वरतुकड्यांचं, आणि ते तो बहुधा बापाकडून शिकतो.

पक्षी गाणं शिकतात हे सिद्ध करायलाही वेळ लागला. १९५०च्या दशकात केंब्रिजमध्ये विल्यम थॉर्प यांनी चॅफिंच जातीची पिल्लं मोठ्यांच्या आवाजापासून दूर वाढवली. ती मोठी होऊन गायली खरी, पण ते गाणं कच्चं, वळण नसलेलं होतं. त्यांचे शिष्य पीटर मार्लर यांनी पुढे अमेरिकेत पांढऱ्या डोक्याच्या चिमणीवर काम केलं. एकाच जातीच्या चिमण्यांची बोली गावागणिक बदलते आणि पिल्लू कोवळ्या वयात जी बोली ऐकतं तीच पुढे गातं, हे त्यांनी दाखवलं.

झेब्रा फिंचमध्ये या शिक्षणाचे दोन टप्पे असतात. ते समजायला आपल्या संगीतातली तालीमच डोळ्यांसमोर आणावी. आधी शिष्य नुसता ऐकतो आणि गुरूची चीज कानात साठवतो. मग स्वतः गाऊ लागतो. गळ्यातून निघालेलं कानातल्या साठ्याशी ताडून पाहतो, चुकलेलं सुधारतो, पुन्हा गातो. पिल्लू अंड्यातून बाहेर आल्यावर साधारण तीन आठवड्यांनी बापाचं गाणं मनात साठवू लागतं. पाचव्या आठवड्याच्या आसपास त्याची अस्फुट गुणगुण सुरू होते. आपलं तान्हं बाळ ‘बाबाबा, दादादा’ करतं, तशी तिची जातकुळी आहे हे खुद्द डार्विनने १८७१ साली नोंदवलं होतं. पुढचे जवळपास दोन महिने हे पिल्लू रोज हजारो वेळा गातं. नव्वदाव्या दिवसाच्या सुमारास गाणं पक्कं होतं आणि मग ते फारसं बदलत नाही.

हे सगळं मेंदूत कुठे घडतं, त्याचा नकाशा १९७६ साली फर्नांडो नोटेबोम आणि सहकाऱ्यांनी कॅनरी पक्ष्यात काढला. त्यात एका गोलसर भागाला काय म्हणावं हे ठरेना, म्हणून त्याला ‘एरिया एक्स’ म्हटलं आणि ते नाव कायमचं चिकटलं. हा एरिया एक्स पक्ष्याच्या बेसल गँग्लियाचाच भाग आहे. १९९०च्या आसपास दोन वेगवेगळ्या गटांनी पिल्लांमधला हा भाग निकामी करून पाहिला. प्रौढ पक्ष्याचा एरिया एक्स निकामी केला, तर त्याच्या गाण्यात त्या वेळी फारसा फरक आढळला नव्हता. पिल्लाचा केला, तर मात्र त्याचं गाणं कधी पक्कं होतच नव्हतं. म्हणजे हा भाग मुख्यतः गाणं *शिकण्याचा* होता. यातल्या एका गटात होत्या कॉन्स्टन्स शार्फ, नोटेबोम यांच्या विद्यार्थिनी.

दहा-बारा वर्षांनी केई कुटुंबाचं जनुक जाहीर झालं, तेव्हा शार्फ जर्मनीत होत्या. त्यांचा आणि त्यांचे सहकारी सेबास्टियन हेस्लर यांचा पहिला प्रश्न साहजिक होता: हे जनुक फिंचमध्ये आहे का? आहे. त्याचं प्रथिन माणसाच्या प्रथिनाशी सुमारे ९८ टक्के जुळतं. मग पुढचा प्रश्न: ते एरिया एक्समध्ये कधी काम करतं? २००४ साली उत्तर मिळालं. पिल्लू गाणं शिकत असतं, नेमक्या त्याच दिवसांत तिथे त्याचं प्रमाण वाढतं. कॅनरी दरवर्षी गाण्यात बदल करतो. त्याच्यात ते ऋतूप्रमाणे, गाणं बदलण्याच्या काळात वाढतं.

आता प्रयोगाची वेळ आली होती. पिल्लू २३ दिवसांचं असताना एरिया एक्समध्ये एक निरुपद्रवी केलेला विषाणू टोचला गेला. त्याच्यासोबत आरएनएचा असा आखूड तुकडा होता, की पेशीत फॉक्सपी-टूचा संदेश तयार झाला तरी त्यापासून प्रथिन कमी बनावं. जनुक पूर्ण बंद केलं नव्हतं, त्याचं प्रमाण उतरवलं होतं. केई कुटुंबातही एक प्रत शाबूत होती, म्हणून हा तपशील मला फार मोलाचा वाटतो. मग प्रत्येक पिल्लाला आवाजबंद खोक्यात एका प्रौढ नराच्या संगतीत ठेवलं. दुसऱ्या काही पिल्लांनाही अशीच सुई टोचली, पण त्यांच्या विषाणूतला तुकडा या जनुकाला हात न लावणारा होता. नव्वदाव्या दिवशी सगळ्यांची गाणी ध्वनिमुद्रित केली.

तुलनेसाठी ठेवलेली पिल्लं गुरूचं गाणं बऱ्यापैकी हुबेहूब गात होती. फॉक्सपी-टू कमी केलेल्या पिल्लांनी काही स्वरतुकडे गाळले होते, काही पुन्हा पुन्हा घोळवले होते. जे घेतले होते तेही नेमके नव्हते, दर खेपेला थोडे वेगळे येत होते. ती मुकी नव्हती, गात भरपूर होती. त्यांना ऐकलेलं जसंच्या तसं गळ्यात उतरवता आलं नव्हतं. हेस्लर, शार्फ आणि सहकाऱ्यांचा हा निबंध २००७ साली आला. त्यातलं वर्णन आणि लंडनच्या डॉक्टरांनी केलेलं बाधित मुलांच्या बोलण्याचं वर्णन शेजारी ठेवून वाचलं, की अंगावर शहारा येतो. माणूस आणि पक्षी यांचे पूर्वज ३० कोटी वर्षांपूर्वीच वेगळे झाले. तरीही एकाच जनुकाचा, मेंदूच्या समान भागातला तुटवडा दोघांमध्ये एकाच जातीची चूक घडवतो.

लॉस एंजेलिसमधल्या स्टेफनी व्हाइट यांच्या गटाने यात एक महत्त्वाची भर घातली. फिंच एकटाच, स्वतःशी गात असतो, म्हणजे एका अर्थी सराव करत असतो, तेव्हा एरिया एक्समधलं फॉक्सपी-टू तासा-दोन तासांत खाली जातं. गाणं थांबल्यावर काही काळाने पुन्हा चढतं. २०१५ साली त्यांनी उलटा प्रयोग केला. काही पिल्लांमध्ये हे जनुक सतत जास्त राहील अशी व्यवस्था केली. या पिल्लांनीही गाणं नीट उचललं नाही. म्हणजे कमी असलं तरी शिक्षण बिघडतं, जास्त राहिलं तरी बिघडतं. मेंदूला हवा असतो तो त्याचा चढ-उतार. ‘अमुक जनुक वाढवा, हुशारी वाढेल’ अशी भाषा करणाऱ्यांनी हा प्रयोग नीट वाचावा.

चूक झाली हे पक्ष्याला कळतं कसं? त्याला बाहेरून कुणी शाबासकी देत नाही. याचा छडा कॉर्नेल विद्यापीठात विक्रम गदगकर, जेसी गोल्डबर्ग आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली लावला. एरिया एक्सला डोपामाइन पुरवणाऱ्या पेशींची नोंद ते पक्षी गात असताना घेत होते. ठरावीक स्वरतुकडा आला की मधूनमधून ते पक्ष्याला त्याचाच आवाज बिघडवून ऐकवायचे. आवाज बिघडला की त्या पेशी शांत होत. बिघाड अपेक्षित असतानाही तुकडा नीट ऐकू आला, तर त्या जोरात स्फुरत. अन्न मिळालं की स्फुरणारी मेंदूतली तीच यंत्रणा इथे आपल्याच सुराचं मूल्यमापन करत होती. आणि २०२१ साली टेक्सासमधल्या संशोधकांनी दाखवलं, की प्रौढ फिंचच्या एरिया एक्समध्ये फॉक्सपी-टू कमी केलं तर तिथल्या डोपामाइन ग्राहींचा तोल ढळतो आणि पक्ष्याचे स्वरतुकडे घोळू लागतात, गाणं सुरू करणं-थांबवणंही अडखळतं. पक्क्या झालेल्या गाण्यालाही या जनुकाची गरज असते, हे त्यातून कळलं.

उंदरांवरचं काम थोडक्यात सांगतो. केई कुटुंबातला तोच बदल उंदराच्या जनुकात केला. दोन्ही प्रती बिघडलेली पिल्लं महिनाभरही जगली नाहीत. एकच प्रत बिघडलेले उंदीर दिसायला ठणठणीत होते, पण फिरत्या दांड्यावर तोल सांभाळण्यासारखं कसब शिकायला त्यांना जास्त वेळ लागला. उंदराला गाणं शिकायचं नसतं, तरी हालचालींचा क्रम शिकायचा असतोच. यावरून मला जे पटतं ते असं: हे भाषेचं जनुक नाही. सरावाने क्रम पक्का करण्याची जी जुनी यंत्रणा पृष्ठवंशी प्राण्यांच्या मेंदूत आहे, तिच्या घडणीत आणि रोजच्या कामात त्याचा हात आहे. माणूस त्याच यंत्रणेवर बोलतो.

‘भाषेचं जनुक’ ही कल्पना मात्र सहजासहजी मेली नाही. माणसाचं फॉक्सपी-टू प्रथिन चिंपांझीच्या प्रथिनापेक्षा दोन अमिनो आम्लांनी वेगळं आहे. २००२ साली स्वांते पेबो यांच्या गटाने असा निष्कर्ष काढला, की हे दोन बदल गेल्या दोन लाख वर्षांत नैसर्गिक निवडीने वेगाने पसरले असावेत. मानवी भाषेचा जन्मच हाती लागला, असं अनेकांना वाटलं. मग २००७ साली त्याच प्रयोगशाळेला निअँडरथलच्या हाडांतही हे दोन्ही बदल सापडले, म्हणजे ते बरेच जुने निघाले. २०१८ साली जगभरच्या अधिक विविध लोकांचे जीनोम तपासल्यावर, अलीकडच्या काळात अशी जोरदार निवड झाल्याचा पुरावा टिकला नाही. विज्ञानाने स्वतःचा आवडता निष्कर्ष स्वतःच मागे घ्यावा, याचं इतकं स्वच्छ उदाहरण क्वचितच मिळतं.

आता आपल्याकडच्या घरांबद्दल. फॉक्सपी-टूचा बिघाड अत्यंत दुर्मीळ आहे. उशिरा किंवा अस्पष्ट बोलणाऱ्या बहुतेक मुलांमध्ये तो नसतो. कुणाला ऐकायला कमी येतं, कुणाची कारणं वेगळी असतात. पण आपल्याकडे दोन वर्षांचं मूल बोलत नसलं की ‘मुलगे जरा उशिराच बोलतात’, ‘याचा काकाही उशिराच बोलला होता’ असं म्हणून वेळ काढला जातो. जिभेला वेखंड लावून वाट पाहिली जाते. काकाही उशिरा बोलला होता ही माहिती डॉक्टरांना जरूर सांगा, ती त्यांच्या खरोखर कामाची असते. पण ती थांबून राहण्याचं कारण नव्हे. आधी मुलाची श्रवणचाचणी करून घ्या. मग स्पीच थेरपिस्टकडे जा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे आणि जिल्ह्याच्या ठिकाणीही अनेक जागी श्रवण व वाचा तज्ज्ञ मिळतात. उच्चारांच्या क्रमाची अडचण असलेल्या मुलांसाठी आज औषध नाही. जे आहे ते म्हणजे नियमित, वारंवार, समोर बसून करून घेतलेला सराव. तो जितक्या लहान वयात सुरू करता येईल तितका करा.